नातीचा खेळ आणि आजोबांचा शेरा



मंडळाच्या या पानावर मी याआधी दोनदा लिहिले आहे. एकदा बँक खात्याच्या नॉमिनेशनबद्दल आणि एकदा मुदत ठेवींवरच्या करकपातीबद्दल. आज व्हिडिओ गेम्सबद्दल लिहितो आहे, हे पाहून आपल्यातले काही जुने सभासद हसतील. हसायला हरकत नाही. तीन महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो.

झाले असे. माझी नात यंदा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिने घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः एक छोटा खेळ तयार केला. ‘स्क्रॅच’ नावाची मोफत प्रणाली आहे, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी काढलेली. तीत रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून सूचना लिहायच्या असतात, म्हणजे इंग्रजी आज्ञावली पाठ करावी लागत नाही. पोरीने सुट्टीतले तीन आठवडे त्यात घातले आणि एका संध्याकाळी माझ्या फोनवर तो खेळ उघडून माझ्या हातात दिला. मी बातम्या बघत होतो. पहिले चित्र पाहिले, दोनचार वेळा बोट फिरवले आणि म्हणालो, “छान आहे हो. हुशार आहेस.”

ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही कुठे अडकलात?”

माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी अडकण्याइतके खेळलोच नव्हतो. तिच्या ते लक्षात आले. काही बोलली नाही, फोन घेऊन गेली. पुढचे चार दिवस खेळाचा विषय तिने काढला नाही आणि मीही विचारले नाही. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, “पोरीने तुम्हाला कौतुक करायला दिलं नव्हतं, तपासायला दिलं होतं. बँकेत कुणाचा कागद न वाचता सही केली असतीत का?”

हे मात्र लागले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी न वाचता सही केली नव्हती. म्हणून नातीची माफी मागितली, खेळ पुन्हा मागून घेतला आणि या वेळी शेजारी वही-पेन घेऊन बसलो. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो आहे. आपल्या घराघरांत मुले खेळतात, काही बनवूही लागली आहेत. त्यांना आपण काय सांगतो, त्यावर ती पुढच्या वेळी आपल्याला दाखवणार की नाही हे ठरते.

छोटे खेळ म्हणजे कोणते?

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंदुका आणि गोंगाट येतो. ते मोठ्या कंपन्यांचे खेळ. त्यांत शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करतात. याशिवाय एक वेगळा वर्ग आहे. एखादा माणूस, दोन मित्र किंवा चारपाच जणांचा गट स्वतःच्या हिमतीवर खेळ करतो. यांना स्वतंत्र किंवा ‘इंडी’ खेळ म्हणतात. त्यांत दोन प्रकार फार आढळतात.

पहिला कोड्याचा. इथे घाई नसते. नियम दोनतीनच असतात आणि त्यांतून वाट काढायची असते. दुसरा आर्केडचा. इथे डोळा आणि बोट यांची परीक्षा असते. एक डाव मिनिटभरात संपतो आणि पुन्हा सुरू होतो. आपल्या तरुणपणी मुंबईत व्हिडिओ पार्लर निघाली होती, नाणे टाकले की डाव सुरू व्हायचा. तो हाच प्रकार, आता नाण्याशिवाय.

कोड्याचा नाद आपल्याला नवा नाही. सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर हा आकडा ज्यांच्या नावाने जगात ओळखला जातो ते द. रा. कापरेकर आपल्या शेजारच्या डहाणूचे. जन्म १९०५ सालचा. पुढे देवळालीला शाळामास्तर म्हणून त्यांनी आयुष्य काढले. त्यांची गंमत कागदावर करून पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. पुन्हा तेच केले की ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर पोचता आणि तिथून पुढे हलता येत नाही. एक छोटा नियम आणि त्यातून निघणारे नवल. चांगल्या कोड्याच्या खेळात हेच असते.

आपल्याकडेही असे खेळ करणारे आहेत. मुंबईत शैलेश प्रभू यांच्या यलो मंकी स्टुडिओजने २०१२ साली ‘ह्यूब्रिक्स’ नावाचा कोड्याचा खेळ काढला. चौकटीत रंगीत घरे असतात, घरावर आकडा असतो. त्या घरातून बोटाने रंग ओढत तितकीच घरे भरायची आणि शेवटी संपूर्ण चौकट भरली पाहिजे. त्यांचाच २०१४ चा ‘सोशिओबॉल’ हा घरंगळत्या चेंडूची वाट लावून देण्याचा खेळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटाचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. तो निव्वळ कोड्याचा नाही, त्यात मारामारी आणि गोष्टही आहे. पण ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. तेव्हा हे काम परदेशातच होते, असे समजायचे कारण नाही.

गोदामातल्या गोण्या

नातीच्या खेळात एक गोदाम आहे. हमाल आहे, गोण्या आहेत आणि जमिनीवर खडूने आखलेल्या जागा आहेत. सगळ्या गोण्या त्या जागांवर न्यायच्या. हमालाला गोणी फक्त ढकलता येते, ओढता येत नाही. एका वेळी एकच ढकलता येते. एवढेच नियम.

ही कल्पना तिची नाही, हे तिनेच मला सांगितले. जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांनी ‘सोकोबान’ नावाचा असाच खेळ केला आणि तो १९८२ साली विक्रीस आला. सोकोबान म्हणजे गोदाम सांभाळणारा. गेल्या चाळीस वर्षांत जगभर याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा २०१९ चा ‘बाबा इज यू’ हा नावाजलेला खेळ याच घराण्यातला. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांत लिहिलेले असतात. ठोकळे ढकलले की नियम बदलतात.

गोदाम मला ओळखीचे. कर्जखात्यात असताना तारण मालाची मोजणी करायला मी कितीतरी गोदामे पाहिली. वापी आणि सिल्वासाच्या वसाहतींतली सुताची गोदामे तर अजून आठवतात. माल असा रचायचा की मागचा काढता आला पाहिजे, हे तिथला हमाल न शिकता जाणतो. मला वाटले, हा खेळ मी चुटकीसरशी संपवीन.

पहिली पातळी झाली, दुसरी झाली. तिसरीत एक गोणी कोपऱ्यात गेली. कोपऱ्यातली गोणी कोणत्याच बाजूने ढकलता येत नाही. म्हणजे डाव बुडाला, पण खेळ तसे सांगत नाही. मी दहा मिनिटे उरलेल्या गोण्या इकडून तिकडे करत बसलो. मग कळले की आता काहीच होणार नाही. पुन्हा सुरू कसे करायचे ते सापडेना. शेवटी खेळ बंद करून उघडला, तर पहिल्या पातळीपासून सुरुवात. पुन्हा तिसरीला आलो, पुन्हा दुसऱ्याच कोपऱ्यात तीच चूक. त्या वेळी वहीत मी लिहिले: “वैताग आला. पाणी प्यायला उठलो. परत यावेसे वाटले नाही, पण आलो.”

नातीने नंतर ती वही वाचली आणि या ओळीवर तिने पेनाने गोल काढला.

पहिल्या खेळाडूचे महत्त्व

एखाद्याने खेळताना काय वाटले ते सांगितले, तर बनवणाऱ्याला खरेच काही उपयोग होतो का? याचे एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असलेल्या खेळाचे आहे.

‘वर्डल’ हा इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ. दिवसाला एकच शब्द, पाच अक्षरे, सहा संधी. जॉश वॉर्डल यांनी तो आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी केला, कारण त्यांना शब्दकोडी आवडायची. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द जवळपास १२,००० आहेत, पण त्यांतले बरेच कुणी ऐकलेलेही नसतात. असा शब्द आला की खेळणाऱ्याला आपण हरलो असे वाटत नाही, फसवले गेलो असे वाटते. म्हणून पलक शाह यांनी ती सगळी यादी चाळली. हा शब्द मला माहीत आहे, हा माहीत नाही, हा कदाचित, अशी निवड केली आणि सुमारे २,५०० शब्द उरले. या यादीवर खेळ उभा राहिला. १ नोव्हेंबर २०२१ ला तो ९० जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. हिरव्या-पिवळ्या चौकोनांतून आपला निकाल मित्रांना पाठवण्याची रीतही खेळाडूंकडून आली. न्यूझीलंडमधले काही जण हाताने चौकोन टाकून पाठवत होते. ते पाहून वॉर्डल यांनी ती सोय खेळातच केली.

म्हणजे एका खेळाडूने शब्दांची छाननी केली आणि दुसऱ्यांनी तो पसरायची वाट काढली. नुसते “छान आहे” म्हणून हे झाले नसते.

जाता जाता, मराठीत असा खेळ करायचा तर आधी अक्षर म्हणजे काय हेच ठरवावे लागते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपण बोलतो तेव्हा स्वा, तं, त्र्य अशी तीन अक्षरे मोजतो. संगणक मात्र काना, अनुस्वार आणि पाय मोडल्याच्या खुणा धरून अकरा चिन्हे मोजतो. खेळणाऱ्याला कोणती मोजणी सहज वाटते, हे संगणक सांगू शकत नाही. ते आपल्यासारख्यांनी खेळून सांगायचे.

माझ्या वहीतले आणखी दोन हिशेब

नातीच्या खेळाची तयारी म्हणून मी तिच्याच सल्ल्याने आणखी काही छोटे खेळ खेळलो. दोघांची नोंद देतो.

‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ. चार गुणिले चार अशी सोळा घरे. बोट सरकवले की सगळे आकडे त्या बाजूला जातात, सारखे दोन भेटले की त्यांची बेरीज होते. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असे करत २०४८ गाठायचे. गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो केला आणि मोफत ठेवला. माझ्यातल्या बँकवाल्याने हिशेब केला. प्रत्येक चालीला एक नवा आकडा येतो, दहापैकी नऊ वेळा २ आणि एकदा ४. सरासरी २.२. २०४८ ला २.२ ने भागले की साधारण ९३०. म्हणजे सगळे बिनचूक खेळलात तरी नऊशेच्या वर चाली लागणार. सेकंदाला एक धरली तर पंधरा मिनिटांहून अधिक. हा हिशेब मांडल्यावर मला कळले की या खेळात घाई करून उपयोग नाही, मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून शांतपणे बसायचे. हे जमले त्या दिवशी वाटलेला आनंद ताळेबंद पहिल्याच फेरीत जुळल्यासारखा होता.

पण या खेळाची दुसरी बाजू आहे. तो ज्यावरून सुचला त्या मालिकेच्या मुळाशी ‘थ्रीज’ नावाचा खेळ होता. अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी त्यावर चौदा महिने घालवले होते आणि तो फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. महिनाभरात फुकट नकला निघाल्या आणि लोक मूळ खेळालाच नक्कल म्हणू लागले. तेव्हा त्या दोघांनी आपसांतली पाचशेहून अधिक ईमेल जाहीर केली. हा नियम का ठेवला, तो का काढला, हे सगळे त्यांत आहे. एकच पद्धत धरून खेळाडूला फार पुढे जाता येऊ नये, यासाठी त्यांनी केलेली खटपट त्यांत दिसते. मी दोन्ही खेळ खेळलो. ‘२०४८’ मला लवकर आवडला. ‘थ्रीज’मध्ये मात्र महिना झाला तरी माझी एकही पद्धत टिकलेली नाही, आणि मी अजून तो उघडतो. हा फरक पहिल्या दिवशी कळला नसता. म्हणून आपले मत सांगताना आपण किती वेळ खेळलो हेही सांगावे. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात तर प्रत्येक अभिप्रायाशेजारी तो माणूस किती तास खेळला ते छापलेले असते.

दुसरी नोंद आर्केडची, ‘फ्लॅपी बर्ड’. हानोईच्या डोंग न्गुयेन यांनी एकट्याने केलेला २०१३ चा खेळ. एक पक्षी, उभे नळ आणि एक बोट. बोट टेकवले की पक्षी वर उडतो, सोडले की पडतो. २०१४ च्या सुरुवातीला जगभर त्याचे वेड पसरले. जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळत असल्याच्या बातम्या होत्या. तरी फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच तो दुकानातून काढून घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागत आहे, हे त्यांनी दिलेले कारण.

मी त्याच जातीचा एक खेळ खेळून पाहिला. माझा सर्वांत जास्त गुणांक नऊ. हे सांगायला लाज वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. दर वेळी पडल्यावर चूक माझीच होती, खेळाची नव्हती. म्हणूनच “आता एकदाच” असे म्हणत माणूस बसून राहतो. चहा उकळून खाली आला तो याच खेळामुळे. आर्केड खेळाबद्दल सांगताना दोन गोष्टी सांगाव्यात: पडलो तेव्हा चूक कुणाची वाटली, आणि उठायचे ठरवल्यावर प्रत्यक्ष उठलो किती वेळाने.

शेरा कसा लिहावा

बँकेत तपासणी अहवाल लिहिताना आमचे एक वरिष्ठ सांगत, “‘कामकाज समाधानकारक’ असं लिहिणारा शाखेत गेलाच नव्हता असं मी समजतो.” तोच नियम मी नातीच्या खेळाला लावला. अनुभवाने मी पाच प्रश्न ठरवले आहेत. मुलांनी केलेला खेळ असो की फोनवर उतरवलेला, ते चालतात.

१. कुठे खेळलो? फोनवर की संगणकावर, नेट असताना की नसताना. गलोंड्याला पावसाळ्यात नेट जाते, वीजही जाते. खेळ नेटशिवाय चालतो की नाही, ही इथल्या घरासाठी मोठी बाब आहे.

२. नियम कसा कळला? वाचून, कुणी सांगून, की खेळता खेळता. कळलाच नसेल तर तसे सांगावे. न कळण्यात कमीपणा नाही, तीच बनवणाऱ्याच्या कामाची माहिती असते.

३. नेमके कुठे अडकलो आणि तेव्हा काय केले? “अवघड आहे” हे अपुरे. “तिसऱ्या पातळीत डावीकडच्या कोपऱ्यात गोणी गेली आणि मग दहा मिनिटे मला कळले नाही” हे पुरेसे.

४. कधी बरे वाटले? ती जागाही सांगावी. नाहीतर सुधारण्याच्या नादात बनवणारा चांगलेच काढून टाकतो.

५. का थांबलो? कंटाळा आला, संपला, डोळे दुखले, की कुणी हाक मारली. आणि परत उघडला का?

शेवटची सूचना आमच्या सौ.ची. एकाच माणसाच्या मतावर जाऊ नये. तिने तोच खेळ खेळला तेव्हा मला न दिसलेली गोष्ट तिला दिसली. भरलेली जागा हिरवी आणि रिकामी लाल होती, पण संध्याकाळच्या उजेडात चष्म्याशिवाय तिला दोन्ही सारख्याच वाटत होत्या. पाचवी पातळी मात्र तिने माझ्याआधी सोडवली. कसे, विचारले तर म्हणाली, “आधी स्वतःला बाहेर पडायची वाट ठेवायची, मग सामान हलवायचं.” चाळीस वर्षे स्वयंपाकघराचा माळा तिनेच लावला आहे.

पैशाबद्दल दोन शब्द

हे लिहिल्याशिवाय माझा लेख पुरा होणार नाही. फोनवरचा ‘फुकट’ खेळ बहुधा दोन मार्गांनी वसुली करतो: जाहिराती आणि खेळाच्या आतली खरेदी. प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाखालीच जाहिराती आहेत का आणि अ‍ॅपमध्ये खरेदी आहे का, हे लिहिलेले असते. उतरवण्याआधी ती ओळ वाचावी. अनेक छोट्या कोड्यांच्या खेळांची किंमत एकदाच असते. ती दिली की मध्ये जाहिरात नाही आणि पुढच्या पातळीला पैसे नाहीत. नातवंडांसाठी मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो. ‘स्टीम’वर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात.

मुलांच्या हातातल्या फोनवर कार्डाची माहिती जतन करून ठेवू नये आणि खरेदीला पासवर्डाची अट ठेवावी. पैसे लावून खेळायचे खेळ हा वेगळाच विषय. त्यांना कोडे किंवा कौशल्य असे नाव दिले तरी तो व्यवहार पैशाचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला आहे. घरात कुणी त्यात अडकले असेल तर लपवू नये, बोलावे. मी काही खाती अशीच रिकामी होताना पाहिली आहेत.

पुढे काय झाले

माझी वही मी नातीला दिली. चार पाने भरली होती. त्यांत शेवटी मी सूचना लिहिली होती: “कोणती गोणी कुठे ढकलायची हे बाणाने दाखवावे.”

तिने सगळे वाचले. पुन्हा सुरू करण्याचे बटण खेळात होते, पण ते लॅपटॉपच्या कळफलकावर होते. फोनवर ते कुणालाच सापडणार नाही, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. ते तिने पडद्यावर आणले. एक चाल मागे घेण्याची सोय केली. पातळी लक्षात राहील असे केले. हिरव्या जागेवर आजीसाठी फुली काढली. पण माझी बाणाची सूचना तिने नाकारली.

“आजोबा, बाण दाखवला तर तुमच्यासाठी काय उरलं? तुम्ही अडकलात हे खरं. पण त्याचा उपाय हा नाही.”

तिने उपाय वेगळा केला. तिसऱ्या पातळीच्या आधी एक नवी छोटी पातळी घातली. एक गोणी, एक कोपरा. चुकलात तरी काही बिघडत नाही, बटण दाबा की पुन्हा सुरू. मी ती खेळलो, मुद्दाम गोणी कोपऱ्यात घातली, हसलो, पुन्हा केली. मग तिसरी पातळी वीस मिनिटांत कुणालाही न विचारता सुटली.

नोकरीत मीही असे अहवाल वाचले होते, ज्यांत दोष अचूक आणि शिफारस चुकीची असायची. या वेळी तो अहवाल माझा होता. खेळणाऱ्याने आपला त्रास खरा सांगावा. त्यावर काय करायचे ते बनवणाऱ्यावर सोडावे.

आपल्या मंडळात चित्रकला आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. यंदा गणेशोत्सवात एक टेबल मुलांनी केलेल्या खेळांसाठी ठेवावे, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. बक्षीस नको. ज्येष्ठांनी पंधरा मिनिटे बसून खेळायचे आणि वरच्या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मुलाच्या हातात द्यायची. चष्मा बरोबर आणावा. वह्या मी आणीन.

नातीने आता सहावी पातळी केली आहे. काल संध्याकाळी फोन पुन्हा माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिली. मी अजून अडकलेलो आहे. कुठे, ते तिला सांगितले आहे.